म्हशाला दिसणारी कुंदा

आमच्या शहापुरात कोणी दुकान टाकलं की माल यायच्या आधी पाटी येते. आत दोन बरण्या का असेनात, पाटीवर नवरा-बायकोची नावं, पोरांची नावं, कुलदैवत, सगळं पाहिजे. कुंदाने मात्र पाटी म्हणून लावली नाही ती नाहीच. बाजारपेठेतून आत वळलं की माझं फॉल-बीडिंगचं दुकान, आणि त्याला चिकटून तिचा गाळा. लोक माझ्या दारात येऊन विचारायचे, "ते पिवळाईवाले कुठे बसतात हो?" मी मशीनवरून मान न उचलता बाजूला बोट दाखवायची. एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता चौथं गिऱ्हाईक आलं आणि माझं डोकं फिरलं. तिच्या दारात जाऊन म्हटलं, "अगं बाई, एक पाटी लाव. मी काय तुझी पाटी आहे का?"

"शालूताई, पाटी कोण वाचतो सांगा. समोरनं जातो तो. समोरनं जातो त्याला मी हाक मारीन. जो हितनं कदीच जायचा नाय त्याला कशी बोलवू?" असं म्हणाली आणि माझं उत्तर ऐकायच्या आत गाळ्याबाहेर पडलीसुद्धा. कुठे गेली, कशाला गेली, देव जाणे. पाच मिनिटांनी परत आली तेव्हा हातात काही नव्हतं.

कुंदा अशीच होती. अंगाने काटकुळी, केसांचा कसाबसा अंबाडा, पदर कमरेला खोचलेला, आणि हातात फोन. चहा मागवायची आणि विसरायची. त्यावर साय धरली की उभ्या उभ्या एका घोटात संपवायची आणि म्हणायची, "गार कसा काय झाला?" एकदा पायात एक चप्पल तिची आणि एक नवऱ्याची घालून कल्याणला जाऊन आली. बोलताना समोरच्याकडे बघायची, पण अंगठा तिकडे फोनचा पडदा खाली ओढत असायचा. ओढायचा, सोडायचा, बघायचं. पुन्हा ओढायचा. मी म्हणायची, "अगं, दाराची कडी वाजवल्यासारखं काय करतेस सारखं?" तर म्हणायची, "कोण आलं का बगते."

जाहिरातीचं ती सगळं व्हिडिओ बघून शिकली होती. हिंदीतले व्हिडिओ. भाजी निवडताना, इस्त्री करताना कानात तेच. त्यातले शब्द मग तिने सगळ्या संसाराला लावले. सासूबद्दल म्हणायची, "आमच्या म्हातारीचा रीच बगा तुमी. नळावर एक शब्द बोलली तर किन्हवलीपर्यंत जातंय, फुकाट." नवरा रुसला की, "आज ऑडियन्स थंड हाय." माझ्या सुनेने माझी चौकशी केली नाही म्हणून मी कुरकुरले, तर मला म्हणे, "तुमी बूस्ट करा स्वतःला. गप बसून कोण विचारतंय?" मला हसू यायचं आणि रागही यायचा.

पिवळाई म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागात लग्न म्हणजे हळद. अक्षतांना लोक घड्याळ बघत येतात आणि जेवून जातात, पण हळदीला गाव लोटतं. आणि हळदीला घरच्या सगळ्या बायका एका रंगाच्या साडीत, घरचे सगळे पुरुष एका कापडाच्या शर्टात. ज्याच्या घरी साडी पोचली तो घरचा. ज्याच्या घरी नाही पोचली तो पाहुणा, मग तो सख्खा का असेना. यावरून जी भांडणं होतात ती कोर्टातसुद्धा मिटायची नाहीत.

कुंदाच्या चुलतदिराच्या हळदीला साड्या आल्या त्या दोन छटांच्या. अर्ध्या हळदीसारख्या, अर्ध्या कच्च्या लिंबासारख्या. व्यापाऱ्याने दोन लॉटमधला माल एकत्र बांधून दिला होता. लिंबाची साडी नेमकी चुलतसासूच्या वाट्याला गेली. बाई मांडवात आली, इकडेतिकडे बघितलं, आणि मांडवाकडे पाठ करून बसली. "आमाला परकं केलं," एवढंच. तिला उठवायला सासरा गेला, दीर गेले, नवरदेव हळदीच्या अंगाने गेला. उठली नाही. सगळे कपाळाला हात लावून बसलेले, आणि कुंदा मात्र त्या दोन साड्या ट्यूबलाइटखाली धरून उभी होती. तिच्या डोक्यात दुकान तिथेच शिरलं, आणि त्याचं नाव ठेवलं पिवळाई.

पिवळाईचं वैशिष्ट्य एकच, सगळ्या साड्या एका लॉटच्या. माल आला की ती प्रत्येक साडी आधी उन्हात धरायची, मग सावलीत, मग ट्यूबखाली. एकीत जरा फरक दिसला तर अख्खा गठ्ठा परत. व्यापारी शिव्या घालायचे. ती म्हणायची, "घाला. चुलतसासू घालते त्याहून बऱ्या."

पहिली जाहिरात तिने केली ती कुठल्याशा गोऱ्यापान मॉडेलचा फोटो लावून. ती पोरगी अशी उभी होती की हळद अंगाला लागू नये म्हणून जपतेय. गावाचं नाव टाकलं शहापूर. दोन दिवसांनी फोन सुरू झाले ते बेळगावकडून, तिकडेही एक शहापूर आहे म्हणे. साडी एक खपली नाही, पण कुंदा एका बाईशी अर्धा तास बोलत बसली. फोन ठेवून मला म्हणते, "शालूताई, त्यांच्याकडं बी रुसतात!" इतकी खूश की जणू मोठी ऑर्डर मिळाली.

त्यानंतर तिने गावाचं नाव टाकणं सोडलं. नकाशावर बोटाने एक गोल काढायचा, त्या गोलात राहणाऱ्यांनाच जाहिरात दिसते, ते ती शिकली. आणि मॉडेलला रजा दिली. तिच्या सासूला आणि आळीतल्या चार म्हाताऱ्यांना साड्या नेसवून अंगणात उभं केलं. त्यांच्यात हौसामावशी होत्या. हौसामावशी धवलारीण. आमच्याकडे लग्नात जुनी गाणी म्हणून सगळे विधी करवून घेते ती धवलारीण, आणि ती सांगेल ते मांडवात शेवटचं. फोटो काढायच्या वेळी पुढे कोण उभं राहणार यावरून म्हाताऱ्यांचं जुंपलं. कुंदाची सासू म्हणे घर माझं, हौसामावशी म्हणे गाणं माझं. कुंदाची मुलगी फोन धरून होती, तिला कुंदाने खूण केली, चालू ठेव. पुढे कोणीच उभं राहिलं नाही, सगळ्या एकमेकींना ढकलत बाहेर गेल्या, आणि रिकाम्या अंगणात कुंदाचा आवाज, "पण साड्या सगळ्यांच्या सारख्याच हायत ना?"

तो व्हिडिओ काय चालला म्हणता! भिवंडी, कल्याण, आसनगाव, वाशिंद, जिकडून तिकडून मेसेज. "आमच्या काकूलाच बघितल्यासारखं वाटलं," असं कोणी कोणी लिहिलं होतं. त्या लग्नसराईत मी माझं काम सोडून तिच्या साड्यांना फॉल लावत होते.

पण एक गोष्ट मला खटकायची. गोल काढताना ती तो मुरबाडच्याही पलीकडे ओढायची, पार म्हसा गावापर्यंत. म्हशाहून कधी एक ऑर्डर आली नाही. तिथली माणसं मुरबाडला नाहीतर कल्याणला जातात, शहापूरला कशाला येतील? मी एकदा म्हटलं, "अगं, कशाला तिकडे पैसे जाळतेस? म्हशाची जत्रा असते तेव्हा एकदा कर नि सोड."

ती इस्त्री करत होती. थांबली नाही. म्हणाली, "तितं माजी आये राहते."

मग तसंच साडी फिरवत फिरवत सगळं सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं, मांडव पडला होता, हळद कुटून झाली होती. आणि हळदीच्या आदल्या दिवशी कुंदा घरातून निघून गेली ती दत्ताबरोबर. दत्ता म्हणजे तिचा आत्ताचा नवरा, वाशिंदला कारखान्यात आहे, अगदी शांत माणूस. तेव्हा तो जत्रेत ब्लँकेटच्या दुकानावर कामाला यायचा. दोघांनी कुठल्याशा देवळात हार घातले. हळद नाही, मांडव नाही. त्याला अठरा वर्षं झाली होती. वडील त्या दुखण्यातच गेले असं भाऊ म्हणायचा. भावाने तिचा फोन ब्लॉक केला, भाचा मोठा झाला तर त्याच्याकडूनही करवला. आई त्या दिवसापासून कुंदाचं नाव काढत नव्हती.

"मी दोनदा गेलते," कुंदा म्हणाली. "दाराशी उभी राहिले. आये आतून म्हणाली, कोण हाय बग रे, भिकारीण असंल तर मूठभर तांदूळ घाल."

मी इस्त्री झालेल्या साडीची घडी घालायला घेतली.

"बोलू नको म्हणू दे. पण दिसले तर पाहिजे मी तिला. भाचा फोन बगत असतो, आये शेजारी बसलेली असणार. कुठंतरी दिसेन." आणि मग इस्त्री ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली, "ब्लॉक माणसाला करतात शालूताई. जाहिरातीला कोण करतं?"

मला सगळ्यांचाच राग आला. तिचा, तिच्या आईचा, त्या गरीब दत्ताचासुद्धा. असा कोणी धंदा करतं का? लोक गिऱ्हाईक मिळावं म्हणून जाहिरात करतात, ही आई दिसावी म्हणून करत होती. पण त्या दिवसापासून मीही तिच्या अंगठ्याकडे बघायला लागले. ती पडदा खाली ओढायची तेव्हा मी आपसूक विचारायची, "आलं का गो काही?"

पुढच्या सराईला तिने नवरीचा सेट काढला. पिवळी साडी, हिरवे काठ, त्यावर फुलांचे दागिने. आता त्याचा व्हिडिओ करायचा तर नवरी पाहिजे. आळीत लग्नाच्या पोरी होत्या, पण एकाही आईने हो म्हटलं नाही. "उद्या स्थळ येईल ते म्हणेल हिची हळद झाली, आमी फोनात बघितली. मग काय करू?" बरोबर होतं त्यांचं. शेवटी कुंदा म्हणाली, "मीच बसते. माजं कोणतं स्थळ मोडणार हाय?"

अंगणात पाट मांडला, रांगोळी काढली. मुलगी फोन घेऊन, मी ऊन परतवायला पांढरी चादर धरून. आळीतल्या पाच सवाष्णी. कुंदा सेट घालून पाटावर बसली आणि हौसामावशींना म्हणाली, "मावशे, जरा गुणगुण. नुसता आवाज पाहिजे मागं." वाटीत बेसन कालवलेलं होतं.

हौसामावशींनी वाटीत बोट घातलं, वास घेतला, आणि उठल्याच. "ह्ये बेसन हाय."

"व्हिडिओत काय कळतंय मावशे?"

"व्हिडिओला नाय कळत, गाण्याला कळतं. हळदीचं गाणं मी बेसनावर बोलत नाय. लावायची तर खरी लाव, नायतर मी चालले. माज्या म्हशी तहानलेल्या हायत."

कुंदाचा चेहरा असा झाला की मला वाटलं ही आता रद्द करते. ती सासूकडे बघत होती. सासू उठली, आत गेली, आणि घरातली हळद घेऊन आली, तेलात कालवलेली. तिने ती वाटी हौसामावशींपुढे ठेवली.

हौसामावशी खाली बसल्या. गाणं सुरू करायच्या आधी म्हणाल्या, "आयेशीचं नाव काय?" धवळ्यात, म्हणजे त्या लग्नाच्या गाण्यात, आईचं नाव घ्यावं लागतं. कुंदा म्हणाली, "यमुना." इतकं हळू की दोनदा विचारावं लागलं. मग हौसामावशींचा तो जुना, फाटका, पण चढा आवाज लागला, आणि यमुनेच्या लेकीला हळद लागली. कपाळाला, गालाला, खांद्याला, पायांना. कुंदा तेवढा वेळ हलली नाही. माझ्या हातातली चादर मात्र खाली आली, आणि मुलगी ओरडली, "मावशी, लाइट!"

तेवढ्यात दत्ता पाळीवरून आला. डबा हातात, फाटकात उभा. त्याने बायकोला बघितलं, गाणं ऐकलं. सगळं आटोपल्यावर म्हणाला, "मला का नाय बोलवलं?" आम्ही हसलो. तो नाही हसला. मग कुंदाने आपल्या गालाची हळद बोटावर घेऊन त्याच्या गालाला लावली, तेव्हा लाजून आत पळाला.

जाहिरात सुरू झाली आणि आठवड्याभरात आळीत तमाशा. दत्ताला कारखान्यात लोक विचारायला लागले, "तुझ्या बायकोचं लग्न आहे म्हणे. कुणाशी?" सुपरवायझरने तर रजा पाहिजे का विचारलं. दत्ताचा चुलता थेट भांडायला आला. "हळद केलीत नि आमाला साडी नाय, शर्ट नाय, साधा फोन नाय?" जाहिरात आहे म्हणून सांगितलं तर म्हणाला, "हौसा धवलारीण जाहिरातीत गाते का? मला शिकवू नका." शेवटी त्याला शर्ट दिला तेव्हा चहा घेतला. असे आणखी पाच-सहाजण आले. ज्याला त्याला एकच दुःख, आम्हाला बोलावलं नाही.

ऑर्डरीही धो धो आल्या. कुंदा त्या बघतच नव्हती. ती बघायची जाहिरात कुठे कुठे दिसली ते. म्हसा आणि आसपास बऱ्याच फोनांत दिसत होती. कोणत्या फोनात ते कळत नाही, एवढंच तिला खायचं. उठायची, दारापर्यंत जायची, यायची. माझ्या दुकानात यायची, कात्री उचलायची, ठेवायची. "शालूताई, भाच्याचा फोन बिघडला असंल का हो?" मी म्हणायची, "अगं बस जरा, मला चक्कर येते तुझ्याने."

आणि एका दुपारी माझ्या दारात एक म्हातारी उभी राहिली. काष्ट्याची साडी, हातात कापडी पिशवी, एक हात चौकटीला. विचारलं, "कुंदा कुठं बसते?"

इतक्या वर्षांत पिवळाईचा पत्ता सगळ्यांनी विचारला, कुंदाचं नाव घेऊन कोणी आलं नव्हतं. मी उठून त्यांना शेजारी घेऊन गेले.

कुंदा साड्यांच्या घड्या मोजत होती. वर बघितलं. हातातल्या साड्या तशाच खाली गेल्या. "आये..."

"कोणाला विचारून लावलीस हळद?"

"आये, तू बस आधी."

"बसाया नाय आले मी. मामा नाय, भाऊ नाय, आये नाय. कोण होतं तुज्या मागं? आनि माजं नाव घ्यायला लावलंस त्या बाईला! गावच्या बाया मला विचारतात, यमुने, पोरीची हळद केलीस नि आमाला सांगितलं नायस. काय सांगू मी?"

"जाहिरात हाय ती आये. साडीची."

"हळद खोटी होती?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, सुटशील. ती म्हणाली, "नाय. खरी होती."

"मग जाहिरात जाहिरात काय लावलंस?" म्हातारीचा आवाज चढला. "सारखं येतंय ते. नातवाच्या फोनात येतंय, सुनेच्या फोनात येतंय. गाणं लागलं का मी चुलीपुढनं उठतंय, मागीलदारी जातंय, तर तितं शेजारणीच्या फोनात. मानसानं जायचं कुठं? अठरा वर्सांमागं कुटून ठेवलेली हळद मी माज्या हातानं परसात टाकली. आता मला ही दाखवतेस व्हय? बंद कर ते."

कुंदाने फोन घेतला. कुठे काय दाबलं आणि म्हणाली, "केली बंद."

"झाली?"

"झाली."

"इतक्यात?" म्हातारी म्हणाली. तिला वाटलं असावं काहीतरी मोठं यंत्र बंद करायचं असेल. थोडा वेळ त्या फोनकडे बघत राहिली. मग वळली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावले, "आजी, निदान पाणी तरी."

"तुमी कोन?"

"शेजारीण."

"मग बगत जा तिच्याकडं. हाडं दिसायला लागली तिची." आणि गेली. पाण्याला हात लावला नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. भर सराई, लोक विचारतायत, आणि कुंदा जाहिरात लावेना. मी म्हटलं, "अगं, म्हसा सोडून लाव. गोल छोटा कर, झालं." तर म्हणे, "आयेला सांगितलं बंद केली, म्हणजे बंद." फोन कपाटावर पडलेला. तिची ती सारखी ये-जा पण थांबली, हे मला फारच लागलं. जी बाई मला दिवसभर डोकेदुखी व्हायची, ती स्टुलावर बसून दाराबाहेर बघायची आणि मी मशीन थांबवून तिची चाहूल घ्यायची. दत्ता मला येऊन म्हणाला, "शालूताई, तुमी सांगा ना, जेवत नाय ती." मी काय सांगणार? दोन घास मीच डब्यातून नेऊन तिच्यापुढे ठेवायची आणि ओरडायची. ओरडण्याने कोणाचं पोट भरतं?

फोन आला तेव्हा तिच्या हाताला साडीची खळ लागलेली होती. अनोळखी नंबर. मीच उचलून स्पीकरवर टाकला. एक पोरगा म्हणाला, "आजी बोलतेय," आणि मग तो आवाज.

"बंद का केलीस?"

कुंदा फोनवर वाकली. "तू... तूच सांगितलंस आये."

"मी सांगितलं म्हणून? लहानपनापासनं माजं एक ऐकलं नायस तू. शाळा सोडू नको म्हटलं, सोडलीस. त्या ब्लँकेटवाल्याकडं बगू नको म्हटलं, बगितलंस. जल्मात एक ऐकलंस, ते ह्येच सापडलं तुला?"

"आये..."

"बाया विचारतात, यमुनेची पोर दिसत नाय आता."

कुंदा म्हणाली, "मी येऊ घरी?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग म्हातारी म्हणाली, "भाऊ अजून तापलेला हाय. इतक्यात नको. मला पन येववत नाय, त्या दिशी जीपमदनं उतरले नि गुडघा धरला तो सोडत नाय. तू ते लाव. मी बगते." आणि फोन बंद.

कुंदा साड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. खळीचे हात तोंडाला लावले, सगळं तोंड पांढरं. मीही रडले, का लपवू? दारात एक नवरामुलगा आईला घेऊन शर्ट बघायला आला होता. तो बिचारा चपला काढून तसाच उभा राहिला.

त्याच दिवशी जाहिरात लागली. दुसऱ्या दिवशी कुंदा पुन्हा एका पायात दत्ताची चप्पल घालून हिंडत होती आणि मी तिला शिव्या देत होते.

भावाने दार उघडलं की नाही, मला ठाऊक नाही. माझे डोळे मशीनला साथ देईनात, मी दुकान आवरलं आणि वाशिंदला मुलाकडे राहायला आले. कुंदाचा फोन येतो, पण दोन वाक्यं झाली की तिला कोणीतरी हाक मारतं, नाहीतर तिलाच कुठेतरी जायचं असतं. भेट अशी होत नाही.

पण परवा भाजी चिरताना सुनेने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "आई, ही तुमची कुंदा ना?" तीच. गाळ्यात उभी, अंबाडा सुटलेला, साडी आधी उन्हात धरतेय, मग सावलीत. सगळं भरभर, नेहमीसारखं. एका लॉटचा माल, रंगाची गॅरंटी, ऑर्डरीसाठी नंबर खाली दिलाय. मला वाटलं संपलं. तर तिने साडी खाली ठेवली, फोनच्या जरा जवळ आली, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "आनि गुडघ्याला तेल लावत जा गो. कोमट करून."

मी सुनेला म्हटलं, खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच. कोणी भाव विचारला होता. कोणी विचारलं होतं, ताई, तेल कुठलं? आणि त्याच्या खाली म्हशाच्या एका पोराचं उत्तर होतं, "आजी सांगते, लावलं."

सुनेने मला विचारलं साडी कशी वाटली. मी म्हटलं, मेलं, साडी कोण बघतंय? पुन्हा लाव ते.